आरएनए : स्वतःशीच जोडी जुळवणारा पेड

(दृश्य : बेकरीत फुगत चाललेलं पीठ)

पाव फुगवणारं साधं यीस्ट, पण तब्बल १४० किलो. अमेरिकेत इथाका इथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात, रॉबर्ट हॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्या यीस्टमधून गाळत, निवडत शेवटी मिळवला तो जेमतेम एक ग्रॅम शुद्ध आरएनए. अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिनं तयार होतात तिथवर, वाहून नेणारा. त्याची अक्षरं, म्हणजे साखळीतले छोटे रेणू, त्यांना ओळीने वाचायची होती.

(दृश्य : टेबलावर पुठ्ठ्यातून कापलेले चार आकार)

पण ही अक्षरं एकमेकांशी जुळतात कशी, ते पाहायला आधी इंग्लंडमधल्या केंब्रिजला जाऊ. फेब्रुवारी १९५३. फ्रान्सिस क्रिक यांच्यासोबत डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन त्यातल्या चार रेणूंचे पुठ्ठ्याचे आकार जुळवून पाहत होते : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. ए, टी, जी, सी. सुरुवातीला त्यांनी सारख्यासमोर सारखंच ठेवलं, ए-समोर ए. त्याच खोलीत बसणारे जेरी डोनोह्यू म्हणाले, पाठ्यपुस्तकांत जी आणि टी यांचे हायड्रोजन चुकीच्या जागी दाखवलेत. हायड्रोजन जागेवर आणले आणि जोड्या लागल्या : ए-टी, जी-सी. दोन्हींची रुंदी सारखी, त्यामुळे डीएनएच्या दोन पेडांचा पीळ कुठे फुगत नाही की आवळत नाही. डीएनएत ए जितकं, जवळपास तितकंच टी सापडतं, हे एर्विन शारगाफ यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. त्याचं कारण आता कळलं. डोनोह्यूंचं नाव शाळेच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. दिसायला हवं.

ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. गंमत म्हणजे वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३च्या मूळ लेखात जी-सीलाही दोनच बंध होते. तिसरा पॉलिंग आणि कोरी यांनी १९५६ साली दाखवला.

(दृश्य : एकच धागा, हळूहळू दुमडणारा)

आता आरएनए. इथे टीच्या जागी यू, म्हणजे युरॅसिल. तेही ए-शीच जुळतं. साखरेवर एक ऑक्सिजन जास्त, आणि तोच नडतो : अल्कलीत तो शेजारच्या सांध्यावर उलटतो आणि साखळी तुटते. पण खरा फरक असा, की आरएनए बहुधा एकपेडी असतो. समोर दुसरा पेडच नाही. मग जोडी जुळवायची कुणाशी? स्वतःशीच.

हॉलींनी दोन विकरं (एन्झाइम) वापरली. एक साखळीला फक्त जी-नंतर तोडणारं, दुसरं सी आणि यू-नंतर. दोन्हींचे तुकडे पडताळत क्रम लागला, आणि १९६५ साली ७७ अक्षरं प्रसिद्ध झाली. अक्षरं कळली, तरी आकार कळला नव्हता. प्रयोगशाळेतल्या एलिझाबेथ केलर यांनी ती साखळी अशी दुमडून पाहिली, की जास्तीत जास्त अक्षरांना समोर जोडीदार मिळावा. आकृती निघाली बेलाच्या पानासारखी : तीन दळं आणि एक देठ. देठाच्या टोकाला अमिनो आम्ल, समोरच्या दळावर जनुकाचा निरोप वाचणारी तीन अक्षरं. पुढे अशा इतर आरएनएंचे क्रम हाती आले, तेही याच घडीत बसले. क्ष-किरणांनी १९७३-७४ साली दाखवलं, की प्रत्यक्षात हे पान आणखी वाकून इंग्रजी एलच्या आकाराचं होतं.

हॉलींना १९६८चं नोबेल मिळालं, हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत. खुरानांनी तर हीच अक्षरं हाती घेऊन, प्रत्येकासमोर जोडीचं अक्षर ठेवत, या आरएनएचा अख्खा जनुक रसायनांतून बांधला. १९७० साली. माणसाने घडवलेला तो पहिला जनुक.

(दृश्य : देठाचा भाग मोठा करून, तिसरी जोडी ठळक)

त्या देठात तिसऱ्या जागी एक जोडी आहे, जी-यू. वॉटसन-क्रिक नियमात न बसणारी, किंचित सरकलेली, पण दोन बंधांनी टिकून राहणारी. १९६५च्या क्रमातही ती होती. एखादी ढिली जागा म्हणून सोडून द्यावी अशीच. १९८८ साली या-मिंग हो आणि पॉल शिमेल यांनी ई. कोलाय जिवाणूच्या आरएनएत तिथे नियमाप्रमाणे जी-सी घातलं. अमिनो आम्ल जोडून देणाऱ्या विकराने त्याला अ‍ॅलनिन जोडणंच सोडलं. मग तीच जी-यू जोडी त्यांनी दुसऱ्या अमिनो आम्लाच्या आरएनएत नेऊन बसवली, आणि विकर त्यालाही अ‍ॅलनिन जोडू लागलं.