शेवटचा काळा चिमटा

नमस्कार मंडळी. वीस मिनिटं दिलीत, त्यातली पाच या माइकनेच खाल्ली. विषय साधा आहे, बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून केबल लावून गाडी चालू कशी करायची. तुम्ही म्हणाल यात काय व्याख्यान, लालला लाल, काळ्याला काळं, झालं. इथेच तर माझं भांडण आहे! पण आधी ताम्हिणीचा किस्सा, आमच्या हिने तो पन्नासदा ऐकलाय, ती बघा मागे पर्स आवरायला लागली.

जुलै महिना, धुकं, हेडलाइट चालू ठेवून आम्ही कणसं खायला उतरलो. पाच मिनिटं म्हणता म्हणता दीड तास, आणि बॅटरी आधीच चार वर्षांची म्हातारी. चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. मेहुणे म्हणाले धक्का मारू. गाडी ऑटोमॅटिक हो, धक्क्याने फार तर मेहुण्यांचं पोट उतरलं असतं. तेवढ्यात एक ट्रक थांबला आणि मी केबल घेऊन धावलोच. केबल पण कसली, रस्त्यावर साडेतीनशेला घेतलेली, वरून अजगर आणि आत तांबं शेवयांएवढं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, माझी चोवीस व्होल्टची, तुमची बाराची. गाडी जाळायचीय का?" मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, तीस वर्षं नोकरी! मग त्यानेच एक जीप थांबवली, स्वतःची जाडजूड केबल काढली आणि शेवटचा काळा चिमटा आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला लावला. मी म्हटलं चुकलास, तर नुसता हसला.

चिठ्ठी आली, तीन मिनिटं. बरं, पटापट. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत, हँडब्रेक ओढलेला, लाइट-एसी बंद. बॅटरी फुगलेली, तडकलेली, गळकी असेल तर नादच सोडा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळा चांगलीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या धातूला. का, तर शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, हवेत 4 टक्के झाला तरी पेटतो, बॅटरी फुटली की ॲसिड थेट तोंडावर. मग चांगली गाडी चालू करून चार-पाच मिनिटं थांबा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. चालू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा, एकमेकांना लागू देऊ नका, आणि लगेच बंद करू नका, अर्धा तास तरी फिरवा. सेल्फला शंभरच्या वर अँपिअर लागतात, म्हणून छोट्या पेट्रोल गाडीलाही निदान 16 चौरस मिलिमीटर तांब्याची केबल घ्या. हायब्रिडवाल्यांनी आधी मॅन्युअल बघा, त्यांचं गणित वेगळं.

हो हो, उठतोच. चहा झाला की खाली पार्किंगमध्ये या, डिकीत दोन केबल आहेत, एक जाडजूड आणि एक ती साडेतीनशेवाली, मुद्दाम कापून ठेवलीय.