उन्हात छापलेलं पान: सायनोटाइपची निळी कला

[दृश्य: कागदावर नेच्याचं पान, त्यावर काच ठेवली जाते. चारही बाजूंना क्लिपा लागतात.]

नेच्याचं हे पान आता कडक उन्हात दहा-बारा मिनिटं राहील. तेवढ्या वेळात त्याच्या भोवतीचा पिवळट हिरवा कागद आधी निळसर, मग करडा होत जाईल. पानाखालचा भाग मात्र होता तसाच राहील. कागद पाण्यात धुतला, की गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरं पान उमटतं. या छपाईला सायनोटाइप म्हणतात. ती फोटोग्राफीच आहे, फक्त तिला कॅमेरा लागत नाही.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे असे ठसे घेऊन पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. शेवाळाचे बारीक तंतू हाताने हुबेहूब काढणं अवघड, म्हणून त्यांनी शेवाळच कागदावर ठेवलं. पुढे कित्येक दशकं घरांचे आणि यंत्रांचे नकाशेही याच निळ्या रंगात छापले जात.

[दृश्य: खिडकीच्या उजेडासमोर धरलेली वेगवेगळी पानं.]

काय छापावं हे सुचत नसेल, तर बागेत फिरताना रंगाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. या कागदाला दोनच गोष्टी कळतात: वस्तूची कड, आणि तिच्यातून किती प्रकाश आरपार जातो. म्हणून प्रत्येक पान उजेडासमोर धरून पाहायचं. जाड, गुळगुळीत पान कितीही सुंदर असो, त्याचा कागदावर नुसता पांढरा लंबगोल होतो. भरगच्च गुलाबाचा तर गोळाच. याउलट गवताचं तुरेदार कणीस, गाजराच्या कुळातली छत्रीसारखी फुलं, पिसं, किडीने जाळी केलेलं पान, ही सगळी फार देखणी उमटतात. पातळ पाकळी तर सगळ्यात मोलाची. तिच्यातून थोडा प्रकाश झिरपतो, त्यामुळे ती फिकट निळी येते आणि तिच्यातल्या शिरा दिसतात. एकदा हे पाहण्याची सवय लागली, की रस्त्याकडेचं तणही वेगळं दिसायला लागतं.

मांडणी आधी साध्या कागदावर करून पाहा. मोबाइलने बरोबर वरून, कृष्णधवल फोटो काढा. डोळ्यांना जे भरलेलं वाटतं, ते फोटोत बहुतेक वेळा गर्दी ठरतं. एक देठ कागदाच्या कडेबाहेर जाऊ द्या आणि साधारण एक तृतीयांश जागा रिकामी ठेवा. ती जागा गडद निळी होणार आहे, चित्राचा सगळा जोर तिच्यावर असतो.

[दृश्य: तपकिरी बाटल्या, वजनकाटा, हातमोजे.]

आता कागदावर लावायची द्रावणं. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हे पहिलं. दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी शुद्ध, डिस्टिल्ड घ्या. दोन्ही वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत महिनोन्‌महिने टिकतात. पहिल्यावर बुरशी आली तर गाळून वापरता येतं. वापरायच्या वेळी दोन्ही समान भाग मिसळा. ए-फोर कागदाला एकूण तीन मिलिलिटरच्या आसपास पुरतं. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा आगीजवळ कधीही नेऊ नका. त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

कागदाच्या बाबतीत बरेच जण फसतात. जलरंगाचा जाड, पूर्ण कापसाचा कागद चांगला; पण अनेक कागदांत टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. ते अल्कधर्मी असतं आणि प्रशियन निळ्याला, म्हणजे या छपाईतल्या निळ्या रंगद्रव्याला, अल्क अजिबात सोसत नाही. निळा फिका येतो किंवा काही महिन्यांत विटतो. तेव्हा ‘अनबफर्ड’, म्हणजे असं अल्क न घातलेला कागद मागून घ्या.

मंद पिवळ्या दिव्याखाली मऊ ब्रशने आधी आडवा, मग उभा लेप द्या. ब्रशला लोखंडी पट्टी नको, तिच्यामुळे निळे ठिपके पडतात. अंधारात पूर्ण कोरडं होऊ द्या. कोरडा कागद पिवळट हिरवा दिसला पाहिजे. आधीच निळसर झाला असेल तर त्याला कुठेतरी उजेड लागला आहे, तो बाद.

पानं एक-दोन दिवस जाड पुस्तकाखाली दाबून घ्या. ओलसर पानाचे डाग पडतात, आणि फुगीर पान कागदाला टेकत नाही, मग कड धूसर येते. खाली पाट, वर काच, कडेला घट्ट क्लिपा. काच साधीच हवी. फ्रेमसाठी मिळणारी अतिनील किरण अडवणारी काच लावली, तर तासभर थांबूनही काही उमटत नाही, कारण सगळं काम त्याच किरणांचं आहे. त्यांच्यामुळे द्रावणातलं फेरिक लोह फेरस या दुसऱ्या रूपात बदलतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा निळा तयार होतो.

किती वेळ ठेवायचं? भर दुपारी पाच ते पंधरा मिनिटं, ढगाळ हवेत अर्धा तास किंवा जास्त. पण घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवा. उघडा भाग निळा ओलांडून करडा, किंचित कांस्यासारखा झाला की उचला. घाई केली तर धुताना निळा वाहून जातो. पहिल्यांदा करताना, लेप दिलेल्या कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी तो थोडा थोडा सरकवा. त्या दिवसाच्या उन्हाचं माप मिळतं. वेळ पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

[दृश्य: पाण्याच्या ट्रेमध्ये कागद. पिवळा रंग सुटताना जवळून.]

धुताना पाणी बदलत राहा. पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं. तो राहिला तर नंतर उजेडात पानही निळं होतं. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर पहिल्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाका. ओला ठसा फिका दिसला म्हणून निराश होऊ नका. हवेतल्या ऑक्सिजनने एका दिवसात रंग चढतो. लगेच पाहायचा असेल तर लिटरभर पाण्यात झाकणभर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं.

घरात लावताना या निळ्याला उबदार पांढरी भिंत आणि लाकडी फ्रेम फार शोभते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. तीन ठसे ओळीत असतील तर मध्ये पाच सेंटिमीटर अंतर बास. फ्रेममधला पुठ्ठाही अनबफर्डच हवा. थेट ऊन पडेल अशी भिंत टाळा. ठसा फिकटलाच, तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात उघडा ठेवा, बराचसा रंग परत येतो.

सुती पडद्यावर किंवा उशीच्या अभ्र्यावर छापणार असाल तर धुलाई सांभाळा. ब्लीच आणि धुण्याचा सोडा निळ्याचा पिवळा करतात. सौम्य, सोडा नसलेला साबण आणि गार पाणी वापरा, आणि सावलीत वाळत घाला.