पायरी आणि रस्ता यांच्यामध्ये

(दृश्य: गोव्यातील साखळीचे बसस्थानक. जूनमधली पावसाळी सकाळ.)

पणजीकडे निघालेल्या मिनीबसच्या पुढच्या काचेवर ग्रामदेवतेचे नाव रंगवलेले आहे आणि दारात उभा राहून कंडक्टर ‘भितर सरात, भितर सरात’ असा पुकारा करीत आहे. आत जागा नाही असे नाही. मागच्या बाजूला चार माणसे सहज मावतील. तरीही दाराशी दाटी झाली आहे, कारण लवकर उतरायचे असलेला प्रत्येक जण तिथेच पाय रोवून उभा आहे. बसप्रवासातील धोक्यांचा विषय निघाला की आपण वेग, वळणे आणि चालकाचा स्वभाव यांविषयी बोलतो. आज मात्र मुख्यतः या दाराकडे पाहू.

(दृश्य: बसची पायरी, अगदी जवळून.)

पायरीचा पत्रा वापरून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर लाल चिखलाचे पाणी साचले आहे. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी असली, की दांडा धरायला हात उरत नाही. म्हणून चार थेंब अंगावर घ्यावे लागले तरी छत्री चढण्याआधीच मिटावी. शिटी वाजते आणि बस हलते, त्या क्षणी उतरणाऱ्याचे काय होते हे समजून घेण्यासारखे आहे. ताशी १० किलोमीटर हा वेग आपल्याला चालण्यासारखाच वाटतो, पण त्या वेगाने बस सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर पुढे जाते. जमिनीला टेकलेला पाय जागीच थांबतो आणि बाकीचे शरीर मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२३ नुसार पायरीवरून प्रवास करण्यास मनाई आहे आणि तसा प्रवास करू देण्यासही मनाई आहे, त्यामुळे दोष एकट्या लोंबकळणाऱ्याचा नसतो.

बस पूर्ण थांबल्यावरही एक धोका उरतोच. बस आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये हातभर फट दिसली, की मागून येणारा स्कूटरवाला डावीकडूनच पुढे घुसतो. खाली पाय टाकण्याआधी मान वळवून मागे पाहण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे, आणि खरे सांगायचे तर या चित्रफितीतून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती हीच राहावी.

(दृश्य: बालरथ, म्हणजे शाळेच्या मुलांची बस. दप्तरे, पाण्याच्या बाटल्या.)

गोव्यात मुलांचा बसप्रवास हा जुना सार्वजनिक प्रश्न आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी निम्म्या भाड्यासाठी आंदोलन केले आणि १९८० साली कदंब परिवहन महामंडळ उभे राहिले. आज अनेक मुले बालरथाने शाळेला जातात. चालकाची बैठक उंच असते, त्यामुळे बसच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल त्याला दिसतच नाही. मुलाच्या हातातून बाटली निसटून चाकाकडे घरंगळली, तर ते वाकून ती घ्यायला जाणारच. ‘जाऊ दे, दुसरी आणू’ हे त्याला घरातूनच ऐकायला मिळालेले असले पाहिजे. लहानग्यांना बसमध्ये चढवताना मूल आधी आणि उतरवताना मोठे माणूस आधी, आणि तेही कंडक्टरला ‘मूल उतरते आहे’ असे मोठ्याने सांगून, म्हणजे शिटी घाईने वाजणार नाही. वळताना बसची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून बाजारातल्या अरुंद वळणावर कडेला उभे राहणाऱ्याने दोन पावले मागे सरावे.

खिडकीबाहेर हात काढू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. शेवाळलेल्या चिऱ्यांचे कुंपण खिडकीपासून किती जवळून सरकते, हे मात्र एकदा मुलाला मुद्दाम दाखवावे.

गर्दीचा फायदा घेऊन कोणी अंगचटीला आले, तर गप्प बसणे हा शहाणपणा नव्हे. मोठ्याने बोलावे, कंडक्टरला सांगावे, गरज पडल्यास ११२ क्रमांक लावावा. मुंबई किंवा पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये बिछाना पसरण्याआधी संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा आणि काच फोडण्याची हातोडी कुठे आहे ते पाहून घ्यावे. हातोडी जागेवर नसेल, तर बस सुटण्याआधीच विचारावे.

(दृश्य: वाळपईच्या रस्त्यावरील एक थांबा. दुपार.)

एक मुलगी बसमधून उतरली आहे. आजी रस्त्यापलीकडे उभी आहे आणि हात वर करून तिला थांबायला सांगते आहे. मुलगी कडेच्या गवतात दप्तर सावरत उभी राहते. बस धूर सोडत पुढे निघून जाते, वळणापर्यंतचा सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा होतो, आणि मग आजी हात खाली घेते.