तुकड्याच्या सीमेवरचे अक्षर

(दृश्य : डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये उघडलेली एक लांबलचक मराठी पोस्ट)

पडद्यावरची पोस्ट बरीचशी नीट वाचता येते, मात्र ‘कार्यक्रम’ या शब्दातला शेवटचा ‘म’ नाहीसा झाला असून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेले तीन काळे चौकोन उभे आहेत. हीच पोस्ट फोनवर पूर्ण दिसते. याच अ‍ॅपमध्ये छोट्या मराठी पोस्टींना हा दोष क्वचितच होतो आणि इंग्रजी मजकुराला कधीच नाही. अशा वेळी बहुतेक जण फॉन्टवर ठपका ठेवतात, नवा फॉन्ट बसवतात, मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात आणि या खटाटोपात संगणकावरची ती साठवणच पुसून बसतात, जिच्यावरून दोष शोधता आला असता.

(दृश्य : बिघडलेल्या तीन पोस्टी शेजारीशेजारी)

फॉन्टमध्ये अक्षराचे चित्र नसेल, तर साधारणपणे रिकामी चौकट दिसते; पहिली पोस्ट तशी आहे. दुसऱ्या पोस्टीत उलटा आघात दिलेला रोमन ‘ए’, चलनाचे गोल चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’ अशी रांग लागली आहे. तो प्रत्यक्षात ‘म’च आहे. यूटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत, ‘म’चे तीन बाईट (० ते २५५ मधले आकडे) असतात : २२४, १६४ आणि १७४. विंडोज-१२५२ या जुन्या तक्त्याने वाचले, की यातला प्रत्येक बाईट स्वतंत्र अक्षर ठरतो. दिसायला हा प्रकार सर्वांत भयंकर, परंतु बाईट शाबूत असल्याने मजकूर बहुधा परत मिळवता येतो. ‘बहुधा’ म्हणायचे ते हलन्ताच्या चिन्हामुळे : त्याचा तिसरा बाईट १४१ आहे आणि त्या तक्त्यात १४१ला अक्षरच नेमलेले नाही.

तिसऱ्या पोस्टीतला काळा चौकोन मात्र वेगळा. समोरचे बाईट ग्राह्य नाहीत असे ठरवून प्रोग्रामने त्यांच्या जागी ठेवलेली ती खूण आहे, आणि ती साठवली गेली की त्या जागी मूळ बाईट उरत नाहीत.

(दृश्य : बाईटचे आकडे दाखवणारी खिडकी, सर्व्हरचे उत्तर डावीकडे, अ‍ॅपची साठवण उजवीकडे)

डावीकडे सर्व्हरने पाठवलेल्या उत्तरात २२४, १६४, १७४ हे तिन्ही आकडे ओळीने हजर आहेत. उजवीकडे, अ‍ॅपने संगणकावर साठवलेल्या प्रतीत, त्याच ठिकाणी २३९, १९१, १८९ हे त्रिकूट तीनदा आले आहे. काळ्या चौकोनाचे बाईट हेच. म्हणजे सर्व्हर निर्दोष आहे, पडदा रंगवणारा भागही निर्दोष आहे आणि अक्षर मधल्या वाटेवर फुटले आहे.

ती वाट आता पडद्यावर दिसते आहे. आलेले उत्तर हे अ‍ॅप ४०९६ बाईटच्या तुकड्यांत वाचते, प्रत्येक तुकड्याचे लगेच अक्षरांत रूपांतर करते आणि मग अक्षरे जोडते. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचे वा चिन्हाचे ‘म’सारखेच तीन बाईट असतात आणि ४०९६ला तीनने निःशेष भाग जात नाही. त्यातच मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम एकेका बाईटचे असल्याने, तुकड्याची सीमा कधी दोन अक्षरांच्या सांध्यावर पडते, तर कधी अक्षराच्या पोटात. म्हणून एखादी लांब पोस्ट सुखरूप सुटते आणि तिच्याखालची बिघडते. नव्या डीकोडरांच्या, म्हणजे बाईटची अक्षरे करणाऱ्या प्रोग्रामांच्या, प्रचलित रीतीनुसार चौकोनांची संख्यादेखील बोलकी ठरते. पहिल्या बाईटनंतर काप पडला, तर तीन चौकोन उमटतात आणि दुसऱ्यानंतर पडला, तर दोन. आपल्या ‘म’च्या जागी तीन आहेत.

केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये याची सोय मुळातच आहे. २२४ हा बाईट दिसताच आणखी दोन बाईट यायचे आहेत, हे वाचणाऱ्याला कळते. तुकडा तिथेच संपला, तर तो बाईट हाताशी राखून पुढच्या तुकड्याची वाट पाहावी, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठीचा तयार डीकोडर या अ‍ॅपच्या पायाभूत लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, होता. तो वापरण्याची गरज कुणाला भासली नाही, कारण चाचणीचा सारा मजकूर इंग्रजी होता आणि एका बाईटचे अक्षर मधोमध कापताच येत नाही.

(दृश्य : कोडमधील बदल, त्यानंतर पुन्हा उतरवलेली पोस्ट)

बदल मोजक्या ओळींचा आहे. दुरुस्तीनंतर साठवलेल्या पोस्टी सर्व्हरवरून पुन्हा उतरवून घेतल्या गेल्या. ज्यांनी बिघडलेली पोस्ट संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केली होती, त्यांचा मूळ मजकूर सर्व्हरवरही राहिला नाही.

(दृश्य : चाचणीची खिडकी)

नव्या चाचणीत मराठी परिच्छेद एकेका बाईटच्या तुकड्याने पाठवला जातो, त्यामुळे प्रत्येक अक्षर प्रत्येक शक्य जागी कापले जाते, आणि निकालात एकही काळा चौकोन आढळला, तर नवी आवृत्ती बाहेर पडत नाही.