टाका कापड ओढतो: मशीन भरतकामासाठी चित्र तयार करताना

भरतकामाचे मशीन शिवू शकेल अशा टाक्यांत चित्र उतरवण्याच्या ज्या कामाला आज आपण डिजिटायझिंग म्हणतो, त्याला या धंद्यातली जुनी माणसे अजूनही पंचिंग म्हणतात, कारण एके काळी प्रत्येक टाक्याची जागा कागदी पट्टीवर भोके पाडून नोंदवावी लागे. मला तो जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. चित्र संगणकात घातले की मशीन ते भरून देते, असा गैरसमज तरी त्यातून होत नाही. मशीनला चित्र कळतच नाही. डीएसटी या मशीनला दिल्या जाणाऱ्या टाक्यांच्या फाइलमध्ये सुईखालचे कापड कोणत्या दिशेला किती सरकवायचे हे 0.1 मि.मी.च्या मापात लिहिलेले असते, न शिवता उडी कुठे घ्यायची आणि रंग बदलायला कुठे थांबायचे याची खूण असते. तो रंग कोणता, हेसुद्धा त्यात नसते.

नेहमी वापरला जाणारा 40 नंबरचा धागा साधारण 0.4 मि.मी. जाड असतो. त्याहून बारीक रेघ कापडावर उमटणार नाही, हे धरूनच मूळ चित्रातल्या छटा, सावल्या आणि केसासारख्या रेषा आधी काढून टाकाव्या लागतात. कोणत्या भागाला रनिंग (एकेरी रेघेचा टाका), कोणत्याला साटिन (पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा टाका) आणि कोणत्याला भरावाचा टाका (रुंद भाग भरणाऱ्या छोट्या टाक्यांच्या ओळी), हे त्यानंतर ठरते. साटिनची पट्टी साधारण 1 ते 7 मि.मी. रुंदीपर्यंत नीट बसते; त्यापुढे धागे सैल पडून कशाततरी अडकतात.

खरी अडचण कापडाची आहे. एक वर्तुळ घ्या आणि ते आडव्या टाक्यांनी भरा. प्रत्येक टाका ताणाखाली किंचित आखडतो आणि दोन्ही कडा आत ओढतो. त्याच वेळी एकाखाली एक दाटीने बसलेले टाके कापडाला वर आणि खाली रेटतात. पडद्यावरचे निर्दोष वर्तुळ कापडावर उभट अंड्यासारखे होते, आणि त्याभोवती काठ शिवला असेल तर डाव्या-उजव्या बाजूंना कापडाची चंद्रकोर उघडी दिसते. म्हणून टाक्याच्या दिशेने आकार मुद्दाम रुंद काढावा लागतो, दर बाजूला साधारण 0.2 ते 0.4 मि.मी., आणि टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडाला थोडा अधिक. पडद्यावर चुकीचे दिसणारे चित्र देण्याचे धाडस नवशिक्याला होत नाही. भरावाखाली विरळ टाक्यांचा थर, म्हणजे अंडरले, आधी घातला की कापड मागच्या बॅकिंगला, म्हणजे आधारासाठी लावलेल्या थराला, धरून राहते आणि ही ओढ कमी होते, पण संपत नाही.

देवनागरी अक्षरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. काना साटिनने भरला की त्याचे टाके आडवे असतात, त्यामुळे तो लांबीला वाढतो आणि शिरोरेषेच्या वर टोक काढतो. त्यावर उपाय म्हणजे काना थोडा आखूड ठेवायचा, आधी सगळी अक्षरे शिवायची आणि शिरोरेषा शेवटी त्यांच्यावरून न्यायची. लहान अक्षरांत ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा धाग्यात बुजून जाते. अनुस्वार तर सर्वांत त्रासदायक: ठिपका फार लहान असला, की सुई जवळजवळ त्याच भोकात पुन्हा पुन्हा उतरते, तिथे गाठ होते आणि धागा तुटतो. अशा वेळी ठिपका प्रमाणापेक्षा मोठा करावा. वाचणाऱ्याला तो खटकत नाही.

तयार टाक्यांची फाइल मोठी किंवा लहान करून देण्याचा मोहही टाळावा. तिच्यात आकार नसतात, टाकेच असतात; संख्या तीच राहून ते विरळ होतात किंवा एकमेकांवर चढतात. मूळ संपादनाच्या फाइलकडे परत जाऊन माप बदलावे, त्याच कापडावर, त्याच बॅकिंगसह नमुना शिवावा, फ्रेममधून काढून पट्टीने मोजावा. वर्तुळ अजून उभट असेल, तर आडवे माप आणखी थोडे वाढवून दुसरा नमुना काढावा.