मृत्यू वाढले, तरी दारूचं धोरण यशस्वी? स्कॉटलंडचा हिशोब

नमस्कार मंडळी. आज सुरुवात दोन आकड्यांनी करतो. २०१९ मध्ये स्कॉटलंडमध्ये निव्वळ दारूमुळे होणाऱ्या आजारांनी १,०२० माणसं गेली. २०२३ मध्ये १,२७७. आणि या सगळ्या काळात तिथं स्वस्त दारूला चाप लावणारा कायदा लागू होता. मग धोरण फसलं, असंच ना? हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

आधी कायदा काय आहे ते बघू. १ मे २०१८ पासून स्कॉटलंडमध्ये दारूच्या एका युनिटची किमान किंमत ठरली, ५० पेन्स. युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल.

[स्क्रीनवर: सायडरची मोठी प्लास्टिकची बाटली]

ही ३ लिटरची बाटली बघा. आत सफरचंदाची दारू, ७.५ टक्के अल्कोहोल. म्हणजे साडेबावीस युनिटं. कायद्यानंतर ती ११ पौंड २५ पेन्सच्या खाली विकताच येत नाही. आता व्हिस्की घ्या. ७०० मिली, ४० टक्के, २८ युनिटं. हिची किमान किंमत १४ पौंड. यात खरा दणका बसला तो सायडरला. पबमधल्या दारूला जवळपास काहीच झालं नाही, कारण ती आधीपासूनच महाग होती. नेम धरला होता तो स्वस्त आणि कडक मालावर, कारण रोज भरपूर पिणारा माणूस तोच माल उचलतो.

कायदा संमत झाला २०१२ मध्ये. दारू उद्योग कोर्टात गेला आणि अंमलबजावणी सहा वर्षं लांबली. १५ नोव्हेंबर २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं. लागू झाल्यापासून सहा वर्षं संपण्याआधी स्कॉटलंडच्या संसदेनं पुन्हा संमती दिली नाही, तर कायदा आपोआप रद्द. आणि त्याआधी परिणाम तपासून अहवाल देणं सरकारवर बंधनकारक. परीक्षेची तारीख ठरवूनच धोरण जन्माला आलं!

आता मुद्द्याचं बोलू. धोरण तपासताना ‘आधी किती आणि नंतर किती’ एवढंच पाहिलं, तर हमखास फसायला होतं. विचारायचं असतं ते हे, की कायदा नसता तर किती मृत्यू झाले असते? कायदा नसलेलं स्कॉटलंड आणायचं कुठून? संशोधकांनी शेजारचा इंग्लंड घेतला. तिथं सुपरमार्केटच्या साखळ्या बऱ्याचशा त्याच, सण-सुट्ट्या साधारण त्याच, महामारीही तीच. फक्त हा कायदा नाही. (वेल्सनं मार्च २०२० मध्ये असाच कायदा आणला, म्हणून तुलनेला तो चालत नाही.)

मार्च २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. २०२० अखेरपर्यंतच्या ३२ महिन्यांत, कायदा नसता तर जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा १३.४ टक्के कमी झाले. म्हणजे वर्षाला साधारण १५६ माणसं वाचली. सगळ्यात जास्त फायदा झाला तो गरीब वस्त्यांना. दारूनं सगळ्यात जास्त जीव जातात ते याच वस्त्यांत, त्यामुळे मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. दारूमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांबद्दल मात्र जपून बोलायला हवं. तिथं ४.१ टक्के घट दिसते, पण आकडेवारीच्या कसोटीवर ती पुरेशी पक्की नाही. कुणी ती ठासून सांगत असेल, तर अडवा.

मग सुरुवातीच्या त्या दोन आकड्यांचं काय? महामारीत घरात बसून जास्त पिणाऱ्यांनी सगळीकडेच आणखी जास्त प्यायली. २०१९ ते २०२३ मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये असे मृत्यू ७,५६५ वरून १०,४७३ वर गेले, म्हणजे जवळपास ३८ टक्के वाढ. स्कॉटलंडमध्ये याच काळात वाढ २५ टक्के. पूर सगळीकडेच आला, इथं पाणी थोडं कमी चढलं. एवढ्यावरून श्रेय कायद्याचंच असं सिद्ध होत नाही, पण ‘मृत्यू वाढले म्हणजे धोरण फसलं’ हे म्हणणं नक्कीच टिकत नाही.

आता जे मला बोचतं ते सांगतो. दारूवर पूर्ण अवलंबून असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, पहिला घोट पोटात गेल्याशिवाय शर्टाचं बटण लागत नाही. बाटली महागली म्हणून हा माणूस थांबू शकत नाही. एकदम बंद केली, तर फिट येऊन जीवही जाऊ शकतो. अशा लोकांनी पिणं कमी केल्याचा ठोस पुरावा मूल्यमापनात मिळाला नाही. उलट काहींनी जेवणाच्या आणि घरखर्चाच्या पैशांत काटछाट केली. या माणसाला लागतात उपचार, डॉक्टर आणि सोबत. किमतीच्या कायद्याकडून ते काम होणार नाही. त्यात हा कर नसल्यामुळे वाढीव किमतीचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता विक्रेते आणि उत्पादकांकडे जातो. त्यातला काही वाटा उपचारांकडे वळवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

आणि ते ५० पेन्स! आकडा ठरला २०१२ मध्ये, लागू झाला २०१८ मध्ये, आणि २०२४ पर्यंत तसाच. महागाई वाढत गेली, चाप सैल होत गेला. एप्रिल २०२४ मध्ये संसदेनं कायदा चालू ठेवला आणि ३० सप्टेंबरपासून किंमत ६५ पेन्स केली. आपली ती सायडरची बाटली आता १४ पौंड ६३ पेन्सच्या खाली मिळत नाही. पुढचा अहवाल येईल तेव्हा मृत्यूंचा तक्ता मी बघेनच, पण त्याआधी शोधणार आहे ते हे, की हात थरथरणाऱ्या त्या माणसानं या वाढीव पैशांसाठी काय सोडलं, आणि त्याला उपचार मिळाले का.