मागच्या बाकावरची भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक प्रसंग सांगते. १९३०च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, ट्राम धावत असे. बाजाराच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका तिच्यात मागच्या बाकांवर बसत. एक दिवस छानसा झगा घातलेली एक शाळकरी मुलगी त्या बाकांकडे वळली. तिला पाहून एक बाजारवाली शेजारणीला म्हणाली, "पसरून बस गं लायझा! ती झगेवाली बघ, आपल्याशेजारची एवढीशी जागा हेरून घुसायला बघतेय."

मुलगी तोवर पुस्तकी इंग्रजीत कविता करत होती. त्या एका वाक्यावरून तिनं बोलीतली कविता लिहिली, आणि मग बोली कधी सोडलीच नाही.

ही मुलगी म्हणजे लुईज बेनेट, पुढे साऱ्या देशाची 'मिस लू'. जन्म ७ सप्टेंबर १९१९चा. वडील बेकरीवाले, पण ती लहान असतानाच ते गेले. आई कपडे शिवायची. शिवणाच्या खोलीत मासेवाली यायची, मास्तरीणबाई यायच्या, घरकाम करणारी यायची, आणि आई प्रत्येकीचा उल्लेख 'लेडी' असाच करायची. ही फिश लेडी, ती टीचर लेडी. मला वाटतं, मिस लूंचं खरं शिक्षण त्या खोलीत झालं. माणसाचं बोलणं मान देऊन ऐकायचं, हे त्या तिथे शिकल्या.

जमैकातली बहुतेक माणसं पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्यांचे वंशज. त्यांच्या तोंडची भाषा म्हणजे पात्वा. कानाला ती इंग्रजीच्या जवळची वाटते, पण लंडनच्या माणसाला चटकन कळत नाही. शाळेत, कचेरीत तिला मान नव्हता. सुशिक्षित लोक तिला बिघडलेली इंग्रजी म्हणत. घरात एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलत जे वाढले, मग ते खानदेशातले असोत की मालवणातले, त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

मिस लूंनी याला उत्तर दिलं ते आंटी रोची नावाच्या एका फटकळ बाईच्या तोंडून. हे पात्र त्यांनीच रंगवलेलं. आंटी रोची म्हणते, आमची बोली जर इंग्रजीचा अपभ्रंश, तर तुमची इंग्रजी नॉर्मन फ्रेंच आणि लॅटिनचा अपभ्रंश का नाही? ती म्हणे त्यांच्यापासून 'निर्माण झाली', आणि आमची तेवढी बिघडली! पुढे ती सांगते की गोऱ्या मालकांनी आमच्या आफ्रिकन पूर्वजांना त्यांची भाषा बोलायची बंदी केली, कारण हे आपापसात काय बोलतात ते मालकांना उमगत नव्हतं. तेव्हा पूर्वजांनी इंग्रजीलाच असं काही सोंग चढवलं की मालकांना तरीही उमगेना.

हे सोंग म्हणजे काय, ते शब्दांत दिसतं. 'न्याम' म्हणजे खाणं. 'उनू' म्हणजे तुम्ही सगळे. तो नायजेरियातल्या इग्बो लोकांचा शब्द. 'डुकूनू' म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेला एक गोड पदार्थ. नाव आजच्या घानातल्या अकान लोकांचं. घर, देव, नावगाव, सगळं हिरावून घेतलं, तरी खाण्याचे आणि एकमेकांना हाक मारण्याचे शब्द तगले. अनान्सी हा आठ पायांचा लबाड कोळीही अकानांच्याच गोष्टींतून जमैकात पोचला. त्याची गोष्ट संपली की सांगणारा एक ठरलेलं वाक्य म्हणतो, जसं आपल्या कहाणीत 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. मिस लू गावोगाव हिंडून अशा गोष्टी, म्हणी, गाणी गोळा करत आणि रंगमंचावर सादर करत.

पण 'चला परत आफ्रिकेला' ही हाक त्यांना पटत नव्हती. एका कवितेत त्या मिस मॅटी नावाच्या बाईला विचारतात की तुझ्या पूर्वजांपैकी कुणी इंग्रजही होता, त्याचं काय करशील? तुझं घर इथेच आहे. मला त्यांची ही बाजू फार महत्त्वाची वाटते. आफ्रिका शोधायला त्यांना जहाज लागलं नाही, शेजारणीच्या बोलण्यात ती त्यांना सापडत होती.

हे सोपं मात्र नव्हतं. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं होतं, "यासाठी का तुझ्या आईनं तुला शाळेत घातलं?" १९४५मध्ये त्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेल्या, बीबीसीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम झाला. पण १९६२मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि साहित्याचा गौरवसंग्रह निघाला, तेव्हा त्यांच्या रचना कवितांमध्ये नव्हत्या. त्या मागे, विनोदाच्या विभागात टाकल्या होत्या. पुन्हा मागचाच बाक! पुढे कवी मर्व्हिन मॉरिस यांनी लेख लिहून बजावलं, या बाईंना गांभीर्यानं वाचा.

लोकांनी अशी वाट पाहिली नव्हती. १९६५पासून १९८२पर्यंत मिस लू रेडिओवर बोलत होत्या. महागाई, पुढारी, शेजारपाजार, सगळं आंटी रोचीच्या तोंडून. १९७०पासून दूरदर्शनवर मुलांसाठी 'रिंग डिंग' सुरू झालं. जी बोली शाळेत बोलली की मार बसे, ती पडद्यावर मुलं मिस लूंबरोबर मोठ्यानं गाऊ लागली. त्या मुलांना काय वाटलं असेल, याचा विचार करताना आजही मला भरून येतं.

शेवटची वर्षं त्या कॅनडात, टोरांटोमध्ये राहिल्या. त्या म्हणत, टोरांटो असो, लंडन असो, फ्लोरिडा असो, मी राहते ती जमैकातच. २६ जुलै २००६ला त्या गेल्या. त्यांना किंग्स्टनला आणलं आणि राष्ट्रीय वीरांच्या उद्यानात पुरलं. शेजारी पती एरिक कव्हर्ली आहेत. मिस लू तरुण असताना त्यांना रंगमंचावर बोलावून ती बोली ऐकवायला सांगणारे पहिले आयोजक तेच.

नमस्कार.